धुक्यातून धावपट्टीकडे : इन्स्ट्रुमेंट अप्रोच शिकायला बसताना

डिसेंबरातली सकाळ होती. कराडच्या विमानतळाच्या कुंपणापाशी वाळव्याकडचे एक शेतकरी काका उभे होते. मुलाला प्रशिक्षणाला सोडायला आले होते. कृष्णेकडून सरकलेलं धुकं आजूबाजूच्या उसाच्या तुऱ्यांवर बसलं होतं आणि प्रशिक्षणाची विमानं जागेवर गपगार उभी होती. काकांनी विचारलं, "सर, आत्ता हे वर असतं तर खाली कसं आलं असतं?" मी म्हटलं, "अशा हवेत इथून वर गेलंच नसतं." त्यावर ते म्हणाले, "मग दिल्लीला धुक्यातबी इमानं उतरत्यात की. ती कशी उतरत्यात?"

तेव्हा त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते सविस्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्यांच्या मुलासाठी, आणि सातारा-सांगलीतून या वाटेला लागलेल्या प्रत्येकासाठी ते इथे लिहितो. मी साताऱ्यात याच विषयाचे वर्ग घेतो, त्यामुळे नवी मुलं नेमकी कुठे अडतात ते रोज बघतो. हे वाचून विमान चालवता येणार नाही. पण इन्स्ट्रक्टरसमोर बसाल तेव्हा ते काय सांगताहेत ते कळेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणजे न बघता उतरणं नव्हे. बाहेर काही दिसत नसताना, आकड्यांच्या आधाराने, एका ठरलेल्या उंचीपर्यंत सुरक्षित खाली यायचं. तिथं मान वर करून बघायचं. दिसलं तर उतरायचं, नाही दिसलं तर वर जायचं. म्हणजे 'वर जाणं' ही फसलेली लँडिंग नाही, तो या पद्धतीचाच अर्धा भाग आहे. माझ्या वर्गात मी वर कसं जायचं ते आधी शिकवतो आणि खाली कसं यायचं ते नंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी शरीराचं ऐकणं सोडा

तुम्ही आत्तापर्यंत डोळ्यांनी उडत होता. त्याला व्हीएफआर म्हणतात, आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते; ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर लागतं. ढगात शिरलात की क्षितिज जातं, आणि क्षितिज गेलं की कानातलं तोल सांभाळणारं यंत्र खोटं बोलायला लागतं. हळूहळू डावीकडे कललेलं विमान त्याला जाणवत नाही. ते तुम्ही झटकन सरळ केलंत की कान सांगतो, 'आपण उजवीकडे कललो.' मग हात आपोआप परत डावीकडे जातो. सिम्युलेटरमध्ये एका मुलीचं हे मी अगदी जवळून बघितलं. समोरचं कृत्रिम क्षितिज विमान सरळ असल्याचं दाखवत होतं, पण तिची मान आणि खांदा एका बाजूला झुकले होते आणि बोटं योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, पांढरी पडली होती. "सर, हे इन्स्ट्रुमेंट बिघडलंय," ती म्हणाली. इन्स्ट्रुमेंट ठणठणीत होतं.

उपाय एकच, तो म्हणजे स्कॅन. नजर कृत्रिम क्षितिजावर, तिथून वेगाच्या घड्याळाकडे, परत क्षितिजावर. मग उंचीकडे, परत क्षितिजावर. मग दिशेकडे, परत क्षितिजावर. क्षितिज हे घर, बाकी सगळे शेजारी. एकाच घड्याळावर नजर रुतली की बाकीची हातातून सुटतात, आणि नवशिक्याची नजर हमखास रुतते ती धावपट्टीच्या रेषेपासून डावं-उजवं दाखवणाऱ्या लोकलायझरच्या सुईवर.

ही गोष्ट शक्य आहे हे २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी दाखवलं. कॉकपिट झाकून, फक्त यंत्रं बघत त्यांनी उड्डाण केलं आणि उतरले. खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक बरोबर होता, पण त्याला नियंत्रणांना हात लावावा लागला नाही. तुमच्या डोक्यावर येणारा, बाहेरचं दिसू न देणारा प्रशिक्षणाचा हूड ही त्याच झाकलेल्या कॉकपिटची साधी आवृत्ती.

उंची म्हणजे कशापासूनची उंची?

इथे मी मुद्दाम जास्त थांबतो, कारण इथली चूक क्षमा करत नाही.

साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून अजिंक्यताऱ्याकडे बघा. किल्ला आपल्या डोक्यावर सुमारे ३०० मीटर उंच आहे. पण नकाशात त्याची उंची १००० मीटरच्या आसपास दिलेली असते, कारण नकाशा समुद्रसपाटीपासून मोजतो. विमानातही हाच घोळ होऊ शकतो. उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्याला 'शून्य कुठे धरायचं' ते आपण सांगतो. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला तिथला दाब, लावला की समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते, तिला आल्टिट्यूड म्हणायचं. धावपट्टीपासून मोजलेली उंची म्हणजे हाइट. चार्टवर, म्हणजे उतरायच्या वाटेच्या नकाशावर, डीए म्हणजे डिसिजन आल्टिट्यूड आणि डीएच म्हणजे डिसिजन हाइट, असे उतरायचं की वर जायचं ते ठरवायच्या उंचीचे दोन्ही आकडे दिसतील. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर असेल आणि डीएच २०० असेल, तर तुमच्या घड्याळात बघायचा आकडा २२०० आहे. वहीत हे उदाहरण चार वेळा लिहून काढा.

आता माझी चूक सांगतो. मी शिकत होतो, पावसाळी संध्याकाळ होती. कंट्रोलरने क्यूएनएच दिला, १००४. मी रेडिओवर अगदी बरोबर परत म्हटलं, "एक शून्य शून्य चार". आणि हाताने उंचीमापकाच्या खिडकीत लावला १०१४. तोंड बरोबर होतं, हात चुकला. दाबाच्या एका हेक्टोपास्कलला सत्तावीस-अठ्ठावीस फूट धरा. म्हणजे माझं घड्याळ पावणेतीनशे फूट जास्त दाखवत होतं आणि विमान तेवढंच खाली होतं. डीएच होती २०० फूट. घड्याळात ती यायची वाट बघितली असती तर ती कधी आलीच नसती. इन्स्ट्रक्टरांनी माझ्या घड्याळावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "काय ऐकलंस?" पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी आकडा लावतो आणि लावलेला आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचतो. आधी लावायचा, मग वाचायचा, या क्रमाने.

वाट कोणती मिळणार आहे ते ओळखा

विमानतळागणिक वाट वेगळी. सगळ्यात जास्त ऐकाल ते आयएलएस, म्हणजे धावपट्टीपाशी बसवलेल्या अँटेनांच्या रेडिओ झोतांची वाट. याचे दोन भाग आहेत. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि तो डावं-उजवं सांगतो. ग्लाइड स्लोपचा अँटेना धावपट्टीच्या बाजूला, चाकं टेकायच्या जागेजवळ असतो आणि तो वर-खाली सांगतो. युक्ती साधी आहे. लोकलायझर दोन शेजारी-शेजारी झोत पाठवतो. एकावर ९० हर्ट्झचा सूर बसवलेला, दुसऱ्यावर १५० चा. दोन्ही सारखे ऐकू आले तर तुम्ही मधोमध. एक भारी झाला तर सुई सरकते. ग्लाइड स्लोपचंही तेच, फक्त झोत एकावर एक. दोन्ही मिळून साधारण ३ अंशांची उतरती वाट तयार होते.

सुई ज्या बाजूला, वाट त्या बाजूला, सुईकडे जायचं. पण घाईने नाही. ही वाट नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. दहा मैलांवर ग्लाइड स्लोपची सुई टोकाला जायला सव्वादोनशे मीटर चुकावं लागतं, एका मैलावर जेमतेम बावीस. म्हणून लांब असताना केलेली १० अंशांची दुरुस्ती जवळ आल्यावर धटिंगपणा ठरते. जवळ आल्यावर २-३ अंशांपलीकडे नाक हलवू नका.

आयएलएसवर दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. पहिली म्हणजे फ्रिक्वेन्सी लावली की त्या आयएलएसची मोर्समधली (लांब-आखूड सुरांतली) ओळख कानाने ऐकायची. ऐकली नाही तर सुई कितीही शहाण्यासारखी मध्ये उभी असली तरी तिच्यावर विश्वास नाही. दुसरी म्हणजे ग्लाइड स्लोप नेहमी खालून पकडायचा. खऱ्या वाटेच्या वर, बऱ्याच चढ्या कोनात, खोट्या वाटाही तयार होतात. वरून आलात तर खोटीवर बसायची भीती असते.

जिथे आयएलएस नाही तिथे व्हीओआर किंवा एनडीबी या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून येता येतं. यात फक्त दिशा मिळते. उंची तुम्हीच, अंतर आणि चार्ट बघून, सांभाळायची. म्हणून इथली खालची मर्यादाही जास्त वर असते. एनडीबीवर वेळ घालवायला मुलं कुरकुरतात. मला मात्र वाटतं की वाऱ्याचा अंदाज बांधायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

आता वाढत चाललेला प्रकार म्हणजे आरएनपी अप्रोच, म्हणजे उपग्रहांवरून. धावपट्टीपाशी काहीच उपकरण नसलं तरी वाट आखता येते. यात एलएनएव्ही ही नुसती आडवी वाट. एलपीव्हीमध्ये उभी वाटही आयएलएससारखी मिळते, पण त्यासाठी जीपीएसच्या आकड्यांची दुरुस्ती करणारी यंत्रणा लागते. भारतात ती 'गगन' आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला एका एटीआर प्रवासी विमानाने गगनच्या आधाराने एलपीव्ही अप्रोच करून दाखवला. आपल्याकडच्या लहान धावपट्ट्यांचा विचार करताना मला ही बातमी कुठल्याही मोठ्या टर्मिनलच्या उद्घाटनापेक्षा मोलाची वाटते. महागडे अँटेना न बसवता डोंगराळ भागातल्या छोट्या विमानतळाला नीट वाट मिळू शकते. अर्थात आजूबाजूचे डोंगर कुठे जात नाहीत, त्यामुळे मिनिमा (बाहेर काही न दिसता खाली यायची शेवटची मर्यादा) किती खाली येईल ते शेवटी तेच ठरवतात.

लष्करी तळांवर पीएआर असतो. तिथे रडारवर बसलेला माणूसच 'थोडं डावीकडे, वाटेच्या किंचित वर' असं सतत बोलत तुम्हाला खाली आणतो.

चार्ट वाचा, पण खालून वर

अप्रोच चार्ट भारताच्या एआयपीमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात, मिळतात आणि ते सतत बदलतात. मित्राच्या फोनमधला दोन वर्षांपूर्वीचा फोटो चालत नाही. तारीख बघणं ही पहिली नजर.

मग मिस्ड अप्रोच, म्हणजे न उतरता वर जायची वाट, वाचा. हो, आधी तो. सरळ चढायचं की वळायचं, किती उंचीपर्यंत, कुठल्या बिंदूकडे. हे पाठ झालं की मिनिमा. त्यानंतर फायनल अप्रोचची दिशा, फ्रिक्वेन्सी आणि फायनल अप्रोच फिक्सवरची, म्हणजे शेवटची उतरण जिथे सुरू होते त्या बिंदूवरची, उंची. शेवटी एमएसए, म्हणजे २५ सागरी मैलांच्या वर्तुळात अडथळ्यांपासून किमान १००० फूट वर ठेवणारी उंची. सह्याद्रीच्या कुशीत हे वर्तुळ तुकड्यातुकड्यांत विभागलेलं दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पश्चिमेला घाटमाथा आणि पूर्वेला माणदेशाकडचं पठार, दोन्हीकडे एकच आकडा कसा चालेल?

हे सगळं जमिनीवर किंवा वर निवांत असताना, मोठ्याने, सहवैमानिकाला ऐकू जाईल असं बोलायचं. यालाच ब्रीफिंग म्हणतात. वळणावर असताना चार्ट उघडणारा माणूस आधीच मागे पडलेला असतो.

उतरताना आकडे हातात ठेवा

३ अंशांच्या वाटेवर दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट उतरायचं, नेमकं सांगायचं तर ३१८. उतरण्याचा वेग हवा असेल तर जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा. १२० नॉट (तासाला १२० सागरी मैल) असेल तर मिनिटाला ६०० फूट. ९० असेल तर ४५०. पाढा म्हणून पाठ करा. सुई मध्ये आहे आणि तुम्ही मिनिटाला हजार फूट उतरताय, असं असेल तर काहीतरी चुकलंय. मागून वारा असेल, नाहीतर वेग जास्त असेल, नाहीतर तुम्ही खोट्या वाटेवर असाल.

फायनल अप्रोच फिक्सवरून जाताना चार्टवरची उंची आणि घड्याळातली उंची जुळते का ते मोठ्याने म्हणा. पाच मैलांवर धावपट्टीपासून साधारण १६०० फूट असायला हवेत. माझ्या १०१४ सारखी चूक इथे उघडी पडते, कारण ग्लाइड स्लोपला तुमचा क्यूएनएच ठाऊक नसतो. सुई मधोमध आणि उंचीत पावणेतीनशे फुटांचा फरक, हे दिसलं की पुढे जायचं नाही.

ढगात असाल तर धावपट्टीच्या १००० फूट वर येईपर्यंत विमान स्थिर झालेलं हवं. चाकं बाहेर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) लावलेले, वेग ठरलेला, सुया मध्ये, चेकलिस्ट संपलेली. नसेल तर वर जायचं, चर्चा खाली उतरल्यावर. २२ मे २०१० चा मंगळुरूचा अपघात आठवा. १५८ माणसं गेली. त्या सकाळी धुकं नव्हतं. सहवैमानिकाने वर जायला सांगूनही अस्थिर अप्रोच तसाच पुढे रेटला गेला, असं चौकशीत निघालं. मी हे उदाहरण प्रत्येक तुकडीला सांगतो, आणि सांगताना अजूनही आवाज खाली जातो.

मिनिमा आणि त्यापुढची वीस सेकंदं

साध्या, म्हणजे कॅट-१ आयएलएसला डीएच २०० फुटांपेक्षा खाली नसते आणि आरव्हीआर किमान ५५० मीटर लागतो. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवर वैमानिकाला किती लांबचं दिसेल त्याचं मोजमाप. ते धावपट्टीच्या कडेला बसवलेलं यंत्र करतं. बंगळुरूच्या एनएएलने तयार केलेलं असं देशी यंत्र आपल्या विमानतळांवर आहे. त्याचं नाव 'दृष्टी'.

आता २०० फुटांवर नेमकं काय दिसतं ते डोळ्यांसमोर आणा. ३ अंशांच्या वाटेवर त्या क्षणी तुम्ही धावपट्टीच्या उंबरठ्यापासून अजून साडेआठशे मीटरच्या पुढे आहात. दिसतंय ५५० मीटर. म्हणजे धावपट्टी दिसतच नाही! दिसतात ते अप्रोच लाइट. उंबरठ्यापासून बाहेर ९०० मीटरपर्यंत पसरलेली पांढऱ्या दिव्यांची रांग, मध्ये आडवा पट्टा. धुक्यात ते दिवे एकदम लख्ख येत नाहीत. आधी करड्यावर पिवळसर डाग येतो, मग तो डाग ठिपक्यांत फुटतो, मग ठिपके रांगेत उभे राहतात. रांग ओळखू आली की पुढे. नुसता उजेड दिसला तर पुढे नाही. तो हायवेवरच्या ढाब्याचाही असू शकतो.

१२० नॉटला इथून चाकं टेकेपर्यंत साधारण वीस सेकंदं असतात. म्हणून 'अजून जरा बघू' याला इथे जागा नाही. डीएवर निर्णय घ्यायचा. वर जायचा निर्णय घेतल्यावर विमान थोडं आणखी खाली जाईल, ते हिशेबात धरलेलं असतं. व्हीओआर किंवा एनडीबीवर मात्र एमडीए, म्हणजे उतरायची किमान उंची, असते, आणि तिच्याखाली, धावपट्टी दिसल्याशिवाय, एक फूटही जायचं नाही. तिथे वर जायची सुरुवात आधीच करावी लागते. डीए आणि एमडीए यांतला हा फरक परीक्षेतही विचारतात.

आणखी एक जागा घसरायची. दिवे दिसले की हात नकळत नाक खाली दाबतो. डोळ्याला धावपट्टी हवी असते ना! बाहेर बघा, पण उतरण्याचा वेग तोच राहतोय का त्यावर अर्धी नजर ठेवा. धावपट्टीच्या कडेचे, उतरण बरोबर आहे का ते दाखवणारे पापी दिवे दिसले तर दोन पांढरे, दोन लाल हवेत.

वर जाताना

क्रम पाठ असू द्या. ताकद पूर्ण, नाक वर, चढतोय याची खात्री, मग चाकं आणि फ्लॅप तुमच्या विमानाच्या पुस्तकात आहेत तसे. रेडिओ सगळ्यात शेवटी. नव्या मुलांचा हात आधी मायक्रोफोनच्या बटणाकडे जातो, आणि बोलण्याने विमान चढत नाही. चार्टवरचं वळण जिथे सांगितलंय तिथेच घ्यायचं; लवकर वळलात तर डोंगरापासूनचं अंतर कुणी मोजलेलं नाही.

होल्डिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबायला, गेलात की इंधन बघा आणि आणखी एक प्रयत्न करायचा की दुसऱ्या विमानतळाला जायचं ते ठरवा. हवा सुधारायचं काहीच चिन्ह नसेल तर तोच प्रयत्न पुन्हा करण्यात अर्थ नाही. आपल्या नदीकाठचं थंडीतलं धुकं ऊन वर आलं की दोन-तीन तासांत उठतं. पावसाळ्यात घाटमाथ्याला टेकलेला ढग दिवसभर हलत नाही. कुठलं धुकं आहे हे ओळखणारा वैमानिक दुसरा विमानतळ लवकर निवडतो.

काकांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर : दिल्लीत कॅट-३ ची सोय आहे. तिथे विमान, धावपट्टीचे दिवे, वीजपुरवठा आणि वैमानिक, या सगळ्यांना वेगळी मान्यता लागते, आणि बहुतेक वेळा ऑटोपायलटच विमान टेकवतो. कॅट-२ मध्ये डीएच १०० फुटांपर्यंत येते, कॅट-३ मध्ये त्याहून खाली, किंवा डीएचच नसते. तुमच्या हातात ते बऱ्याच वर्षांनी येईल. आत्ता २०० फूट नीट करा.

घरी करायचा सराव

एका विमानतळाचा आयएलएस चार्ट छापून घ्या. घरात साधी खुर्ची घ्या, समोर भिंतीवर कॉकपिटच्या सहा घड्याळांसाठी सहा वर्तुळं काढलेला कागद लावा. डावा हात योकवर आहे असं धरा, उजवा थ्रॉटलवर. दहा मैलांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक आकडा, प्रत्येक कृती मोठ्याने म्हणा. क्यूएनएच लावला, वाचला. ओळख ऐकली. लोकलायझर जागा झाला. ग्लाइड स्लोप खालून आला. फिक्सवर उंची जुळली. हजार फूट, स्थिर. मिनिमा. मग घरातल्या कुणाला तरी तेव्हाच 'दिसलं' किंवा 'नाही' म्हणायला सांगा, तुम्हाला आधी न कळवता. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी हे काम करायची. दहापैकी सात वेळा ती 'नाही गं' म्हणायची, आणि मिस्ड अप्रोच त्या मुलीला झोपेतही म्हणता यायचा. अडखळलात तर दहा मैलांवर परत जा.